करंजाच्या दोन अटी

माळावर एकच करंज उभा होता, त्या काळची ही गोष्ट. नऊ साळुंक्या त्याच्याकडे जागा मागायला आल्या.

करंज म्हणाला, "अळ्या माझी पानं खातात. रोज डोईमागे दहा अळ्या वेचा. नाहीतर कितीही जणी राहा, पण अख्ख्या झाडावर अळी दिसता कामा नये. काय ते ठरवा."

"आम्ही नऊच जणी. डोईमागे दहा बरं," म्होरकी मंजी म्हणाली. काम दुपारच्या आत उरकायचं, त्यामुळे सगळ्या खूश होत्या.

एका सकाळी पंख दुखावलेली भोरडी बुंध्याशी आली. तिचा थवा पुढे निघून गेला होता. तिने आसरा मागितला.

"तुझ्या वाट्याच्या दहा कोण वेचणार?" एका साळुंकीने विचारलं.

ते ऐकून साळुंक्यांमधली म्हातारी मावशी हळूच म्हणाली, "मलाही हल्ली सहाच सापडतात. नीट दिसत नाही. सांगायची भीती वाटत होती."

मंजीने दोघींकडे पाहिलं. मग करंजाला म्हणाली, "दादा, आम्हाला दुसरी अट चालेल."

"काम फार पडेल."

"पडू दे."

पहिले आठ दिवस सगळ्यांच्या चोची ठणकल्या. भोरडी खालच्या पानांवरच्या अळ्या टिपायची, मावशी जमेल तेवढं करायची. पुढे बुलबुल आले, शिंपी पक्षी आले, तसं काम हलकं होत गेलं. नवं कोणी बिचकत आलं, की मंजी एवढंच विचारायची, "कुठल्या फांदीवर बसता?"