दौलूची झांज आणि मास्तरांची धून

एका गावात एक भोळा झांजवाला होता. त्याचं नाव दौलू. सांगितलेला शब्द मोडायचा नाही, एवढं त्याला येत होतं. त्यापलीकडं काही येत नव्हतं.

दौलू जालिंदर मास्तरांच्या ब्रास बँडमध्ये होता. मास्तर पोलीस बँडमधून निवृत्त झालेले. ते नुसतं ऐकून वाजवू देत नसत. प्रत्येकासमोर नोटेशनचा छापील कागद. कागद संपेपर्यंत मान वर केली की पाठीत छडी बसायची. मोठमोठे बापे, पण मान खाली घालून वाजवायचे बिचारे.

मास्तरांची लेक रेवती. तिचं लग्न ठरलं. तिच्यासाठी मास्तरांनी स्वतः एक धून बांधली आणि कॉम्प्युटरवर लिहून ठेवली. अंतरपाट खाली आला की तीच वाजायची होती. बाप पोरीला दुसरं काय देणार?

पण लग्न तोंडावर आलं आणि उंदरांनी कॉम्प्युटरच्या वायरी कुरतडल्या. तालुक्याच्या कॉम्प्युटरवाल्या शकीलनं त्यातली धून तेवढी वाचवली आणि दुसरा कॉम्प्युटर आणून दिला. त्यात नोटेशनचा प्रोग्रॅम काही केल्या उघडेना. कागद छापले नाहीत तर धून वाजणार कशी? मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. बँडमध्ये सगळ्यात कमी काम झांजवाल्याला, म्हणून मास्तरांनी दौलूला शकीलकडं धाडलं.

शकील म्हणाला, "दौलूमामा, प्रोग्रॅम विंडोजचा आहे आणि कॉम्प्युटर लिनक्सचा. दोघांना एकमेकांचं कळत नाही. मी मध्ये एक दुभाषी प्रोग्रॅम टाकून देतो. थेट जायचं नाही. जे काही सांगायचं ते मधल्याकडनं सांगायचं."

"ध्यानात राहिलं," दौलू म्हणाला.

घरी आला. भूक लागली होती. बायको सोजर समोरच बसलेली. पण थेट जायचं नाही ना! दौलू शेजारच्या अंजिराकाकूंना हाताला धरून घेऊन आला.

"काकू, हिला सांगा, मला भाकरी वाढ."

झालं! नवराबायकोनं अबोला धरला म्हणून गल्लीतल्या बाया समजूत घालायला गोळा झाल्या. सोजर रडायला लागली. भाकरी राहिली बाजूला. शेवटी मास्तरांनी येऊन झापलं, "माणसाशी तोंडानं बोलावं रे! दुभाषी कॉम्प्युटरला लागतो!"

"ध्यानात राहिलं."

दुभाषी आला, प्रोग्रॅम उघडला. दौलूनं कागद छापून आणले. तालमीत सगळ्यांनी कागद मांडले, मास्तरांनी छडी हलवली, आणि एकही वाद्य वाजेना. कागदावर सुरांच्या जागी नुसते चौकोन! क्लॅरिनेटवाला म्हणाला, "मास्तर, चौकोन कसा फुंकायचा?" मास्तर मटकन खाली बसले. लग्न परवावर आलेलं.

दौलू पुन्हा शकीलकडं. शकील म्हणाला, "सुरांच्या खुणांचा फॉन्ट राहिला. हा घ्या, टाका. आणि हे बघा मामा, अडलं की घाबरायचं नाही. बंद करायचं आणि पहिल्यापासून चालू करायचं."

"ध्यानात राहिलं."

त्यानं फॉन्ट टाकला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, तर पडद्यावर सूर दिसायला लागले. दौलू खूश! घरी आला. सोजर उसळीला फोडणी देत होती. तिला ठसका लागला आणि तिचा हात थांबला. अडलं! दौलूनं गॅस बंद केला, कढई उकिरड्यावर पालथी केली आणि रिकामी कढई तिच्यासमोर ठेवली.

"हं, आता पहिल्यापासून."

सोजरचं टाळकं सरकलं. "घरात कशाला ही थेरं? जा, लग्नात जाऊन करा!"

"ध्यानात राहिलं."

लग्नाच्या दिवशी सकाळी छपाई राहिलेलीच. शकीलला फोन लावला. तो वैतागून म्हणाला, "मामा, छापायला लागलं की तो काहीबाही विचारत राहील. वाचत बसू नका. विचारेल त्याला हो म्हणा, बास!"

दौलू हो म्हणत गेला आणि कागद भराभर बाहेर आले. पानापानावर सूर! मास्तरांनी कागद कपाळाला लावले. डोळे पुसले. "दौलू, जिंकलंस रे," म्हणाले.

दुपारी नवरदेवाचा परण्या वाजतगाजत मारुतीच्या देवळातून मांडवाकडं निघाला. पुढं बँड, मागं घोडीवर नवरदेव. बँड मांडवात शिरून जागेवर उभा राहिला. आणि घोडी मांडवाच्या तोंडाशी अडली. टाच मारली तरी हलेना.

अडलं! आणि सोजरनं तर लग्नातच करायला सांगितलेलं. दौलू पुढं झाला, हात वर केला.

"बंद करा! पहिल्यापासून!"

त्यानं घोडीचं तोंड वळवलं आणि परण्या देवळाकडं लावून दिला. वऱ्हाडाला वाटलं, या गावची रीत असेल. नवरदेवाचे आईबाप, मामा, करवल्या, सगळे निमूट मागं गेले. दौलू समाधानानं मांडवात परत आला.

इकडं मुहूर्त टळत चालला होता. भटजी परगावचे, त्यांना कोणाची ओळख नाही. अंतरपाट धरलेला, पलीकडं रेवती उभी, अलीकडं पाट रिकामा. तेवढ्यात त्यांना दौलू दिसला. अंगात जरीचा लाल कोट, डोक्याला तुरेवाला फेटा. बँडचाच तो, पण नवरदेवाला लाजवेल असा.

"अहो, नवरदेव तुम्हीच का?"

वाचत बसायचं नाही. "हो," दौलू म्हणाला.

"मग पाटावर उभे राहा की!"

"हो."

भटजींनी घाईघाईनं त्याला मुंडावळ्या बांधल्या. गर्दीला नुसता फेट्याचा तुरा दिसत होता. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, अंतरपाट खाली आला. रेवती बघतच राहिली. पण धुनेचा पहिला ठोका झांजेचा होता, आणि दौलू आपलं काम कधी चुकवत नसे. त्यानं पाटावरूनच झांज हाणली.

बँड सुरू झाला. माना खाली, नजर कागदावर, एकही सूर इकडचा तिकडं नाही. मास्तर मांडवाकडं पाठ करून छडी हलवत होते. डोळ्यांतून घळाघळा पाणी. खरा नवरदेव धापा टाकत मांडवात आला तरी थांबणार कोण? भटजी ओरडले, वरबाप ओरडला. कागद संपेपर्यंत कोणी मान वर केली नाही.

धून संपली. मास्तरांनी डोळे पुसले आणि आशीर्वाद द्यायला वळले. समोर जावई म्हणून दौलू.

"दौलू! हे काय रे!"

दौलूनं तोंड उघडायच्या आत बायांच्या गर्दीतून सोजर पदर खोचून पुढं आली.

"अहो! मी जिवंत असताना दुसरी करताय होय?"

दौलूनं क्षणभरही विचार केला नाही.

"हो," तो म्हणाला.