बुरडाची सगुणी आणि राणीसाहेबांचा राघू

राजाचं नाव भानुजित होतं की जितभानू, हे आता खात्रीनं सांगवत नाही; कदाचित दोन्ही चूक असेल. पण त्याच्या पाठशाळेची प्रवेशपरीक्षा पक्की आठवते, कारण बुरडाची सगुणी तीत तिसऱ्या प्रश्नालाच गारद झाली!

सगुणी सुपं विणायची. विणीतलं अवघड गणित तिच्या बोटांवर नाचायचं, पण लिहिता म्हणून येत नव्हतं. लिहायला शिकायचंच, असं तिनं मनाशी घेतलं होतं. आणि या परीक्षेला बसता यायचं आयुष्यात एकदाच!

"पानात चटणी कोणत्या बाजूला?" परीक्षक नारोशास्त्र्यांनी विचारलं.

"भाकरीवर!"

"भैरव राग कोणत्या वेळी गातात?"

"ते नाही ठाऊक, बुवा. पहाटे आम्ही बांबू तासतो."

"पाहुण्याला अत्तर कुठे लावतात?"

"अत्तर? आधी पाणी द्या की त्याला! उन्हातून आलाय ना?"

दरबार खो खो हसला. शास्त्र्यांनी फुली मारली.

सगुणी काही जागची हलेना. "महाराज, हे प्रश्न वाड्यातल्या पोरांचे आहेत."

"छट्! हे बुद्धीचे प्रश्न आहेत," राजा म्हणाला. "बुद्धी असली की उत्तरं येतात. घराचा काय संबंध?"

"मग कधी पाटी न धरलेल्यालाही येतील?"

राजा हट्टाला पेटला. "अलबत! आण असा एक जण, ज्यानं पाटी धरली नाही, ज्याला 'ग' म्हणजे काय ते ठाऊक नाही. त्याची सगळी उत्तरं बरोबर आली, तर तुला पाठशाळेत प्रवेश. तीन दिवस देतो. नाहीतर पुन्हा इकडे फिरकायचं नाही!"

दोन दिवस सगुणीनं गाव पालथं घातलं. नावाडी, लोहार, गुराखी, सगळे चटणीपाशीच अडकले. तिसऱ्या दिवशी सकाळी वाड्यातून सांगावा आला: राणीसाहेबांच्या राघूनं पिंजऱ्याच्या काड्या कुरतडल्यात, येऊन विणून दे. सगुणी रडवेल्या तोंडानं काड्या घेऊन बसली.

"चटणी?" राघू एकदम राणीसाहेबांच्या आवाजात खेकसला. "डावीकडे! सतरांदा सांगितलं रे, डावीकडे!"

सगुणीच्या हातातल्या काड्या गळून पडल्या. युवराजांची परीक्षेची उजळणी रोज इथेच, पिंजऱ्याखालीच चालायची तर!

"राणीसाहेब, जरा उजेडात नेते हं पिंजरा!" असं म्हणून ती धावत सुटली, ती थेट दरबारात.

"महाराज, उमेदवार आणलाय! यानं पाटी धरली नाही. अक्षर तर सोडाच, खडू दिला तर खाऊन टाकील!"

राजाच्या मिशा थरथरल्या, पण शब्द दिला होता. "विचारा, शास्त्रीबुवा!"

"पानात चटणी?"

"डावीकडे! सतरांदा सांगितलं रे!"

"भैरव राग?"

"पहाटे! झोपू नकोस, गधड्या!"

"अत्तर?"

"हाताच्या पाठीवर! शाब्बास! घे लाडू!"

युवराज लाजून खांबाआड गेले. राघूची दहाच्या दहा उत्तरं बरोबर आली, आणि वर त्यानं शास्त्र्यांकडे लाडू मागितला.

"हे चालायचं नाही!" शास्त्री ओरडले. "पोपटाला अर्थ कुठे कळतो?"

"परीक्षेत अर्थ कुठे विचारलात, बुवा?"

"अगं, पण तो वाड्यात राहतो!" आता राजाच ओरडला. "रोज कानांवर पडतं त्याच्या!"

सगुणीनं हात जोडले. "मग महाराज, ही परीक्षा बुद्धीची, की पिंजरा कुठे टांगलाय त्याची?"

राजानं राघूकडे पाहिलं, युवराजांकडे पाहिलं आणि असा गडगडाटी हसला की मुकुट घरंगळून मांडीवर आला! "हरलो, पोरी, हरलो!" डोळे पुसत त्यानं आपली चांदीची लेखणी सगुणीच्या हातात ठेवली आणि प्रश्नांचा कागद राघूला चावायला दिला.

बऱ्याच वर्षांनी त्या पाठशाळेच्या जुन्या हजेरीपटात शोधून मी खात्री करून घेतली: त्या वर्षी सगुणीचं नाव शेवटचं नव्हतं. तिच्याखाली बेचाळीस नावं होती. लोहारांची, नावाड्यांची, गुराख्यांची.