अंकुशचा गेमचा डबा आणि कंपनीची बाई

एक गाव होतं, आणि गाव म्हटलं की त्यात एक भोळा असायचाच. या गावचा भोळा गेमवाला होता. नाव अंकुश. एसटी स्टँडसमोर त्याचं टपरीवजा दुकान. दुकानात एक टीव्ही आणि टीव्हीला जोडलेला गेमचा डबा. शाळा सुटली की पोरं यायची, टीव्हीवर मोटारी पळवायची, भांडायची आणि घरी जायची. त्यावर अंकुशचं पोट चालायचं.

अंकुशला लहानाचा मोठा केला त्याच्या आक्कानं. त्याचं लग्न जमावं म्हणून बिचारीनं काय नाही केलं! मुलीकडचे यायचे, अंकुशशी चार शब्द बोलायचे आणि चहा अर्धा टाकून उठायचे. शेवटी भानुदासअण्णांच्या वैजयंतानं त्याला बघितलं आणि हसत हसत 'चालेल' म्हणाली. आता अण्णा घर आणि दुकान बघायला येणार होते. हे लग्न हुकलं की अंकुश जन्मभर बिनलग्नाचा राहणार, हे आक्काला पक्कं ठाऊक होतं. तिचा जीव टांगणीला लागला.

आणि नेमका त्याच आठवड्यात डबा तापायला लागला.

"आक्का, डबा मधेच बंद पडतोय."

"मग उघड आणि बसव आत एक पंखा. तुझाच आहे ना?"

अंकुश हातानं गुणी होता हो, डोक्याचंच काय ते! त्यानं स्क्रू काढले, जुन्या कॉम्प्युटरचा छोटा पंखा आत बसवला. डबा गार पडला. अंकुशला इतका आनंद झाला, की त्यानं थेट कंपनीलाच फोन लावला.

"बाई, तुमच्या डब्यात एक चूक राहिली होती. मी काढली."

पलीकडची बाई म्हणाली, "तुम्ही डबा उघडलात?"

"हो. आता मस्त गार आहे."

"अहो दादा, तो उघडायचा नसतो! कंपनीनं बंद केलेलं कंपनीनंच उघडायचं. संपली आता त्याची वॉरंटी."

अंकुशला फार वाईट वाटलं. त्यानं पंखा काढला, स्क्रू आवळले, डबा पुन्हा तापत ठेवला आणि बाईचं वाक्य पाठ केलं.

अण्णा आले, चार पाहुणे घेऊन. आक्का पुऱ्या लाटता लाटता ओरडली, "अंकुश, तेलाचा डबा फोड!"

अंकुश डब्याशेजारी मांडी घालून बसला.

"अरे, फोड की!"

"कंपनीनं बंद केलाय, आक्का. कंपनीच उघडणार. फोन लावलाय, उचलत नाहीत."

पाहुण्यांनी शेजारच्या घरच्या भाकरी खाल्ल्या. अण्णा तोंड वाकडं करून गेले. पण घरी जाऊन त्यांनी हकीकत सांगितली, तर वैजयंता पोट धरून हसली. म्हणून लग्न वाचलं.

आक्कानं अंकुशला फैलावर घेतलं. "अरे गाढवा, पैसे टाकून घेतलेली वस्तू आपली! उघडायची, वाकवायची, फिरवायची. कुण्णाला विचारायचं नाही!"

"कुण्णाला नाही," अंकुशनं घोकलं.

दोघं लग्नाचा बस्ता बांधायला एसटीनं तालुक्याला निघाले. अंकुशनं स्वतः तिकीट काढलं. त्याच्या सीटवर ऊन येत होतं. त्यानं खिशातून पाना काढला आणि सीटचे नट सोडवायला बसला.

कंडक्टर धावत आला. "ए, काय चाललंय?"

"माझी सीट सावलीकडं फिरवतोय."

"तुझी सीट?"

"हे काय तिकीट. पैसे टाकलेत. आता कुण्णाला विचारायचं नसतं."

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी माळावर थांबली. भावा-बहिणीनं उरलेली वाट पायी तुडवली.

आक्कानं कपाळाला हात लावला. "माझं ऐकू नको रे बाबा! लग्न होईस्तोवर ती कंपनीची बाई सांगेल तसंच वाग."

अंकुशनं वाटेतच फोन लावला. "बाई, डबा नक्की कुणाचा? माझा का तुमचा?"

"तुमचाच, दादा. पण आत हात घालायचा नाही."

"माझा आहे, तर का नाही घालायचा?"

याचं उत्तर बाईला कुणी शिकवलं नव्हतं. तिनं आपलं पाठ केलेलं म्हणायला सुरुवात केली. कंपनी कूलर आणि मिक्सरही विकायची, त्यामुळे सगळ्याला पाठांतर एकच. "नवी वस्तू घेतल्याबरोबर गळायला लागली, आवाज करायला लागली, तर ठोकू नये, पाना लावू नये. सोबतच्या सगळ्या सामानासकट, जिथून घेतली तिथंच लगेच परत द्यावी. बदलून मिळेल."

लग्नाच्या दिवशी अंकुश अगदी शहाण्यासारखा वागला. कशाला हात म्हणून लावला नाही. हार घातले, अक्षता पडल्या, जेवणावळी उठल्या. आक्काच्या जिवात जीव आला.

पाठवणीची वेळ झाली. टेम्पोत कपाट चढलं, तांब्याची कळशी चढली, रुखवताचे लाडू चढले. पाठराखीण म्हणून वैजयंताची म्हातारी आत्या पुढच्या सीटवर बसली. वैजयंता आईच्या गळ्यात पडली आणि हुंदके देऊन रडायला लागली.

अंकुश दचकला. त्यानं नीट निरखून बघितलं. मग टेम्पोत चढला. कपाट उतरवलं. कळशी उतरवली. लाडू उतरवले. "आत्या, तुम्हीपण उतरा," म्हणाला. सगळं अण्णांपुढं ओळीनं मांडलं, शेवटी आत्या उभी केली आणि हात जोडले.

"मामा, आत्ताच घेतली आणि लगेच गळायला लागली. आवाजपण येतोय. मी ठोकलं नाही, पाना लावला नाही. सोबतचं सगळं सामान आणलंय, आत्यासकट. बदलून द्या."

बँड थांबला. आक्का मटकन खाली बसली. गेलं लग्न!

वैजयंताचं रडणं थांबलं. तिनं नवऱ्याकडं बघितलं, ओळीत उभ्या आत्याकडं बघितलं आणि ती खो खो हसत सुटली.

"राहू द्या, मामा," अंकुश कपाट उचलत म्हणाला. "आपोआप दुरुस्त झाली."

वैजयंतानं डोळे पुसले आणि ती आक्काकडं वळली. "आक्का, आणि यांना परत द्यायचं झालं, तर कुठं आणायचं?"

आक्कानं बसल्या जागी हात जोडले.

"नाही गं बाई! एकदा दिलेला माल परत घेतला जाणार नाही."