आईसाठी भोपळा

हिरव्या देशाच्या टोकाला, ओढ्याकाठी, गुंजा नावाची चिमुरडी राहायची. परकराला ठिगळं, पण पोरगी गुणाची. आई तापानं अंथरुणाला खिळलेली. तिला पेज भरवावी आणि बागेतल्या बकुळीखाली बसून मुसमुसावं, हा गुंजाचा दिवस.

एकदा बकुळीतून मोतिया उजेड झिरपला. इवल्या सोनेरी पंखांची परी खाली उतरली.

"एक इच्छा पुरवीन, बाळ. पण शेजारच्या देशाच्या बोलीत मागायची. आपल्याच बोलीत मागणाऱ्यांचं ऐकून माझे कान किटलेत."

ओढ्यापलीकडे निळा देश. तिकडच्यांशी इकडचं कुणी बोलतच नसे. भांडण नव्हतं हो, नुसता ताठा आणि आळस.

गुंजा मात्र ओढा ओलांडून गेली. तिथं झिनी नावाची मुलगी रडक्या भावाला कडेवर घेऊन दमली होती. काही केल्या तो झोपेना. गुंजानं त्याला घेतलं आणि आईची अंगाई म्हटली:

"आईच्या कुशीत नीज येऊ दे,
बाळाच्या जीवाला सुख होऊ दे."

बाळ गाढ झोपलं. झिनीनं खुणांनी शब्द न् शब्द विचारून अंगाई घोकली. गुंजानंही खुणांनीच तापलेली आई, बकुळ आणि परी सांगितली, तेव्हा झिनीनं तिला आपल्या बोलीत शिकवलं, "अम्मू सिरी." आई बरी होवो.

गुंजा पुटपुटत धावली, ओढ्यात घसरली, उठली आणि परीला म्हणाली, "अम्मू सिरा."

धप्पकन केशरी भोपळा पडला.

"अगं, सिरा म्हणजे भोपळा," परी हळूच म्हणाली. "तू आईसाठी भोपळा मागितलास. इच्छा संपली तुझी."

गुंजाचे डोळे भरले. तरी अर्धा भोपळा तिनं झिनीला नेऊन दिला. शिकवणारीचा वाटा नको? "भोपळा," ती म्हणाली.

"सिरा?" झिनी पोट धरून हसली. मग तिनं गुंजाचे भरलेले डोळे पाहिले. हात धरून तिला बकुळीखाली घेऊन आली. तिची इच्छा अजून शिल्लक होती; भाऊ झोपला होता, स्वतःसाठी मागायचं काही उरलं नव्हतं. 'बरी' हा शब्द तिला येत नव्हता. अंगाईतले शब्द तेवढे येत होते.

"गुंजा... आईच्या जीवाला सुख होऊ दे."

बकुळ लखलखली. झोपडीतून आवाज आला, "गुंजे, चुलीवर काय ठेवू गं?"

"सिरा," गुंजा म्हणाली.

"भोपळा," झिनी म्हणाली.

परी खुदकन हसली आणि त्या उजेडात विरून गेली. गुंजानं दोन्ही बोलींत तिचे आभार मानले.

तेव्हापासून ओढ्याच्या दोन्ही काठांवर तीच अंगाई गातात. जशी त्या बाळाला नीज आली, तशी तुम्हालाही येवो.