साळूचा कोनाडा आणि डोहावरचा मेळा

बालमित्रांनो, सह्याद्रीच्या एका दाट जंगलात, काळ्या कातळातल्या गुहेत, एक साळू राहत असे. अंगभर काटे आणि स्वभावाने फार टापटीप. ती गुहा म्हणजे साऱ्या जंगलाचे ग्रंथालय होते. ताडाच्या पानांवर लिहिलेल्या पोथ्या तिथे कोनाड्यांत रचून ठेवलेल्या असत. कोणत्या मुळीने जखम भरते, कोणत्या वाऱ्याला वणवा धावतो, आपले पूर्वज या जंगलात कुठून आले, असे सगळे त्यांत होते. साळू त्या पोथ्या रोज झटकी, पुन्हा नीट रची, आणि कोणी आत डोकावले की "शूऽऽ" करून काटे फुलवी. "माझ्या ताब्यातल्या एकाही पोथीचं पान दुमडलेलं नाही," असे ती अभिमानाने सांगे. ते खरेच होते. पान दुमडण्यासाठी पोथी आधी उघडावी लागते, आणि उघडायला तिथे कोणी येतच नसे. एक म्हातारे कासव तेवढे नेमाने येई आणि गारव्याला नेमाने झोपी जाई.

त्या जंगलाचा मुखिया होता एक गवा. एके दिवशी एक अस्वल त्याच्याकडे जाऊन म्हणाले, "आबा, ती गुहा मला द्या. कशी गार आहे! माझी मोहाची फुलं तिथं छान टिकतील. नाहीतरी तिथं येतंय कोण?"

गवा न्यायी होता. त्याने साळूला बोलावून सांगितले, "पावसाच्या आधी मी स्वतः पाहायला येईन. ग्रंथालयाला वाचक दिसले, तर गुहा तुझी. नाही दिसले, तर अस्वलाची."

गुहा गेली तर पोथ्या ठेवायच्या कुठे? पहिल्या पावसात त्यांचा लगदा होईल. साळू खिन्न होऊन परत आली, तर दाराशी एक तरुण बुलबुल बसलेली. ती दूर समुद्राकाठच्या वनात शिकून नुकतीच परतली होती, आणि बातमी तिच्या कानावर आलीच होती.

"साळूमावशी, घाबरू नका," ती म्हणाली. "उन्हाळा आहे, पिल्लांची शाळा बंद आहे. आपण ग्रंथालयात उन्हाळी मेळा भरवू. मी शिकले तिथं तर उन्हाळ्यात ग्रंथालयाला जत्रेचं रूप येतं!"

"तिकडचं तिकडं," साळू म्हणाली. "इथली पिल्लं पानं वाचत नाहीत, खातात."

"खातील, मग चव आवडली तर वाचतीलही. एकदा करून तर पाहू!"

साळूपुढे दुसरा मार्ग नव्हता. तिने मान हलवली.

मेळ्याचा दिवस उजाडला. बुलबुलने वाचनाचे महत्त्व या विषयावर मोठे भाषण तयार केले होते. ऐकायला कासव होते, तेही झोपलेले. सशाची दोन पिल्ले होती, तीही आईने ढकलून पाठवलेली. त्यातले एक शिंकले. साळूने "शूऽऽ" केले. दोन्ही पिल्ले जी पळाली, ती मागे वळून पाहायलाही थांबली नाहीत.

बाहेर उंबराच्या फांदीवर कावळा बसला होता. "काय बुलबुलताई," तो म्हणाला, "मेळा होता की सुतक?"

बुलबुलला फार लागले. पण ती मूळची जिद्दीची. तिने विचारले, "कावळेदादा, तू सगळीकडे फिरतोस. पिल्लं असतात तरी कुठं?"

"हे विचारायला इतकं शिकावं लागतं होय? उन्हाळ्यात पिल्लं डोहावर! दुसरं कुठं असणार?"

भाषण तिथेच टाकून बुलबुल गुहेत धावली. "मावशी, चुकलं माझं. पिल्लांना पोथ्यांकडे बोलवत बसले. पोथ्याच पिल्लांकडे न्यायला हव्यात. द्या मला, डोहावर नेते."

"माझ्या पोथ्या? पाण्याजवळ? पिल्लांच्या हाती?" साळूचे सगळे काटे उभे राहिले. पण गव्याचा शब्द तिला आठवला. बराच वेळ घुटमळून तिने कोपऱ्यातल्या विरलेल्या, कडा झिजलेल्या पोथ्या काढून दिल्या. "या ने. गेल्या तरी दुःख नाही. चांगल्यांना मात्र हात लावायचा नाही."

आणि तेवढ्यावर ती थांबली नाही. उत्तमोत्तम पोथ्या तिने सर्वांत मोठ्या कोनाड्यात रचल्या आणि डोहाकाठची ओली माती आणून कोनाड्याचे तोंड लिंपून टाकले. दरवर्षी वैशाखात ती साऱ्या पोथ्या बाहेर कातळावर पसरून त्यांना ऊन दाखवत असे. त्या जंगलाची ती जुनी रीतच होती. पण या वर्षी कातळाच्या आसपास पिल्लांची वर्दळ वाढणार, या भीतीने तिने ती रीत मोडली. "एका वर्षानं काय बिघडतं?" असे म्हणून तिने लिंपणावर शेवटचा हात फिरवला.

विरलेल्या पोथ्या कासवाच्या पाठीवर लादून बुलबुल डोहावर गेली. या वेळी तिने भाषण केले नाही. जांभळीच्या सावलीत बसून तिने सरळ एक पोथी उघडली. "वाळूवर टिटवीची अंडी होती. भली थोरली मगर ऊन खायला वर आली. ती सरकत सरकत अंड्यांच्या अगदी जवळ पोचली. आता शेपूट हलली की अंडी फुटलीच! तेवढ्यात टिटवी उडाली आणि थेट मगरीच्या नाकावर जाऊन बसली." इथे बुलबुलने पोथी मिटली.

पिल्ले पाण्यातून बाहेर आली. "मग?"

"मग काय झालं, ते पोथीत आहे. कोण घेऊन जाणार घरी? पुढच्या मेळ्याला परत आणायची हं!"

"मी!" "नाही, मी!" "ए, तुला तर अजून वाचताही येत नाही!" "आई वाचेल!"

त्या दिवशी कासव रिकाम्या पाठीने परतले. पुढच्या मेळ्याला पिल्लांबरोबर त्यांच्या आयाही आल्या. माकडांच्या आजीने आटलेल्या ओढ्यात पाणी कसे शोधायचे ते दाखवले. कावळ्याने कोडी घातली आणि एकाचेही उत्तर कोणाला देता येऊ नये म्हणून स्वतःच मोठ्याने हसत राहिला. एका संध्याकाळी अस्वल आपले पिल्लू शोधत तणतणत आले.

"चल घरी! कसली पोथी नि बिथी!"

"थांबा ना बाबा, टिटवी मगरीच्या नाकावर बसलीय."

"मगरीच्या नाकावर? वेडी का खुळी ती?" अस्वल म्हणाले, आणि बसले. थोड्या वेळाने तेच बुलबुलवर ओरडले, "अगं, पुढं वाच ना!"

असा उन्हाळा सरला. क्षितिजावर ढग दिसू लागले आणि ठरल्याप्रमाणे गवा गुहेपाशी आला. अस्वलही आले. मेळ्यात बसले म्हणून मोहाच्या फुलांचा प्रश्न काही सुटला नव्हता.

"आबा, आधी आमचा खरा खजिना पाहा!" साळू उत्साहाने म्हणाली आणि तिने मोठ्या कोनाड्याचे लिंपण पंजाने फोडले.

आतून भसाभस माती गळाली. पोथ्या नव्हत्या. ओल्या मातीच्या वासाने वाळवी आली होती आणि अंधारात निवांतपणे तिने सारा कोनाडा पोखरून टाकला होता. साळूने एक पोथी उचलली, तर हातात नुसती दोरी राहिली.

गव्याने हळू आवाजात विचारले, "काय होतं यांत?"

कोणत्या पोथीवर लाल सालीचे वेष्टन होते, कोणत्या पोथीवर काळ्या, कोणती कुठे रचली होती, हे साळूला पाठ होते. आत काय लिहिले होते, ते तिला ठाऊक नव्हते. तिने एकही पोथी कधी वाचली नव्हती. आता ते कोणालाच कळणार नव्हते. ती हुंदके देऊ लागली.

अस्वल खाकरले. "आबा, पोथ्याच नाहीत, तर ग्रंथालय कसलं?"

गवा उत्तर देणार, तोच बाहेर गलका झाला. गवा येईल त्या दिवशी सगळ्या पोथ्या गुहेत परत आणायच्या, असे बुलबुलने सांगितले होते आणि पिल्ले त्या घेऊन आली होती. कोणी तोंडात धरून, कोणी पाठीवर, कोणी दोघांत एक. एका पोथीवर आंब्याचा रस सांडला होता. एकीचे पान दुमडले होते. एकीची दोरी तुटली होती, ती कोणीतरी वेलीने बांधली होती. पण उन्हाळाभर त्या उन्हात, वाऱ्यावर, हातोहाती फिरल्या होत्या. वाळवीचे एक भोकही त्यांत नव्हते.

गव्याने सशाच्या एका पिल्लाला विचारले, "काय रे, तुझ्या पोथीत काय आहे?"

पिल्लू सांगू लागले. वणवा कोणत्या वाऱ्याला धावतो, तेव्हा ओढ्याच्या कोणत्या काठाला पळायचे, बिळाचे दुसरे तोंड कुठे ठेवायचे. ते सांगत राहिले. मध्येच दुसरे म्हणाले, "अरे, धुराचं राहिलं!" आणि तेही सांगू लागले. गवा शेवटपर्यंत उभा राहून ऐकत होता.

मग तो अस्वलाकडे वळला. "गुहा ग्रंथालयाचीच."

"मग माझ्या मोहाच्या फुलांचं काय?"

"ऊन दाखवत जा त्यांना."

अस्वल कुरकुरले, पण त्याचे पिल्लू नव्या पोथीसाठी रांगेत उभे होते, म्हणून तेही तिथेच थांबले.

साळूने डोळे पुसले. आंब्याच्या रसाची पोथी तिने हातात घेतली, उघडली आणि तिथेच उभ्याउभ्या पहिले पान वाचले. मग दुसरे वाचले. रांगेतले एक पिल्लू म्हणाले, "मावशी, ती मला न्यायची आहे." साळूने पोथी मिटून त्याच्या हाती दिली. "ने. परत आणलीस की मला गोष्ट सांगायची."

पिल्ले गेली. बुलबुलने मोठ्या कोनाड्यातली माती झाडून काढली. "मावशी, आता इथं काय ठेवायचं?" तिने विचारले.

"काही नको," साळू म्हणाली. "पोथ्या घरोघरी गेल्या की कोनाडा असाच दिसायला हवा."

तात्पर्य : दहा हातांत फिरणारी पोथी मळते, पण जगते, कोणाच्याच हाती न पडलेली पोथी मातीत जाते. म्हणून ज्ञान राखायचे असेल, तर ते वाटत राहावे.