काळ्या सुताराची ढोली

एका धनिक श्रेष्ठीने हरिणीचे पाडस मागितले, मानाच्या लोभाने एका भिक्षूने तिची जागा सांगितली आणि मग तो रडू लागला, तेव्हा भिक्षूंचे गुरू शास्ते यांनी ही कथा सांगितली. फार पूर्वी शोणपूर नगरात पिंगल राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका वैद्याच्या घरी जन्मला होता. त्याचे नाव सुदंत. त्याला पाखरे पाहण्याचे वेड होते. भल्लक नावाच्या मित्राला घेऊन तो पहाटेच रानात जाई.

लाल तुऱ्याचा काळा सुतारपक्षी त्या रानातून नाहीसा झाला, असे म्हातारी माणसे सांगत. एकदा वठलेल्या सागाखाली दोघांना लाकडाचे ताजे ढलपे दिसले. वर ढोली होती. त्याच पक्ष्याची मादी बाहेर पडली, नर आत शिरला. आत अंडी होती की नव्हती, कळायला मार्ग नव्हता.

हर्षाच्या भरात भल्लक पक्षी दिसल्याचे गावभर बोलला; जागा तेवढी सांगितली नाही. बातमी राजाच्या कानी गेली. त्याने दवंडी पिटवली, "त्या पक्ष्याचे अंडे आणील, तो वनाध्यक्ष होईल."

दुसऱ्या सकाळी सुदंत पाहतो तो भल्लक कुऱ्हाड घेऊन सागावर चढतो आहे आणि नर-मादी आकांत करीत घिरट्या घालत आहेत. सुदंताच्या अंगाची लाही लाही झाली. त्याने भल्लकाला पाय धरून खाली ओढले, कुऱ्हाड हिसकावली आणि उगारली. भल्लक पांढराफटक पडला. सुदंताने उगारलेला हात आवरला. मग त्याने कुऱ्हाड जवळच्या डोहात भिरकावली.

"एकच अंडं हवं होतं रे," भल्लक पुटपुटला.

"चालता हो! इतकी वर्षं पाखरं पाहिलीस ती यासाठी?"

राजाने दोघांना बोलावले. "ढोली कुठे आहे?"

"सांगणार नाही," सुदंत कडाडला. "पाखरू जगावं असं इथे एकालाही वाटत नाही. हवं ते फक्त अंडं!"

राजाने त्याला हद्दपार केले. सुदंताचे बोल भल्लकाला लागले होते; राजाने विचारल्यावर त्याने नकारार्थी मान हलवली. तो रानात परतला आणि सागाखाली राखण करीत बसला. पिल्ले उडाली, तेव्हाच त्याने राजाला ती दाखवली.

ओशाळलेल्या राजाने सुदंताला वनाध्यक्षपद देऊ केले. सुदंताने निरोप धाडला, "पद नको. आधी ती दवंडी मागे घ्या." दवंडी मागे घेतली गेली, तेव्हाच तो परतला.

कथा संपवून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तो राजा म्हणजे आज हरिणीचे पाडस मागणारा श्रेष्ठी. भल्लक म्हणजे तिची जागा सांगून आता रडणारा हा भिक्षू. सुदंत मीच होतो. संताप अनावर झाला तरी घाव न घालणे आणि मानासाठी दुबळ्याचे घर न दाखवणे, हीच अहिंसा."