कर्ण्याचा तुरा

फार फार वर्षांपूर्वी एका खोल दरीच्या काठावर एका राणीची राजधानी होती. तिथल्या वाद्यमेळ्याचा साऱ्या राज्याला अभिमान होता. त्यात सनया होत्या, तुताऱ्या होत्या, झांजा होत्या, नगारे होते. आणि सगळ्यांच्या मागे एक भला मोठा, वेटोळ्यांचा पितळी कर्णा होता. तो वाजवणाऱ्या धिप्पाड बाईला सगळे अक्का म्हणत.

सुगीच्या उत्सवात दरवर्षी एका वाद्याला पुढचा मान मिळे. त्याच्या वादकाने डोक्यावर तुरा खोवून पुढे उभं राहायचं आणि बाकीच्यांनी मागे बसून साथ करायची. तुरा कधी सनईला मिळे, कधी तुतारीला. कर्ण्याला तो कधीच मिळाला नव्हता.

एका वर्षी देवळासाठी नवी घंटा ओतायचं ठरलं. पितळ कमी पडलं. कारभारी म्हणाले, "तो कर्णा वितळवू. नुसता भों भों तर करतो."

अक्का राणीपुढे जाऊन उभी राहिली. "राणीसाहेब, वितळवायचा तर वितळवा. पण आधी एक संध्याकाळ तुरा मला द्या."

राणीने मान डोलावली. "लोकांना आवडला, तर कर्णा राहील."

मेळ्यात हशा पिकला. थोरले सनईवाले दादा म्हणाले, "अक्का, कर्ण्यावर गाणं म्हणजे म्हशीने झिम्मा खेळणं."

"म्हैस झिम्मा खेळली, दादा, तर अंगण हलतं," अक्का म्हणाली.

तालमीला अक्काने पेरणीचं जुनं गाणं धरलं. पण त्या मेळ्याची एक खोड होती. आपला आवाज दबतोय असं वाटलं की प्रत्येक जण आणखी जोरात वाजवी. सनया चढल्या, म्हणून तुताऱ्या चढल्या, आणि नगाऱ्यांनी तर कहर केला. कर्णा कुठेच ऐकू येईना.

"बघ, तुझं वाद्यच तसलं," दादा म्हणाले.

अक्काने जोर लावला नाही. कर्णा मांडीवर आडवा ठेवून ती म्हणाली, "दादा, तुमचं नेहमीचं गाणं वाजवा. मी आज गप्प बसते."

दादांनी सनई ओठांना लावली. पहिली ओळ संपली, त्यांनी श्वास घेतला, आणि तेवढ्यात गाणं तुटलं. दुसऱ्या ओळीलाही तेच झालं. पायरी आहे म्हणून पाऊल टाकावं आणि पायरी नसावी, तसं त्यांना झालं. त्यांनी सनई खाली घेतली.

"तुम्ही श्वास घेता, तेव्हा मी सूर सोडत नाही," अक्का म्हणाली. "साथ म्हणजे एवढंच. पण ती मला येते आणि तुम्हाला येत नाही. शिकणार का?"

दादा उठून अक्काच्या शेजारी येऊन बसले. मग मागे वळून म्हणाले, "नगारेवाले, टिपऱ्या ठेवा. बोटांनी वाजवा."

उत्सवाची संध्याकाळ आली. अक्का तुरा खोवून, मान ताठ ठेवून पुढे उभी राहिली. पहिल्या सुराला काही लोक हसले. मग त्यांच्या हातातल्या तांब्यांतलं पाणी थरथरू लागलं आणि हसू थांबलं. जणू ज्या जमिनीत त्यांनी पेरलं होतं, ती जमीनच गात होती. सनया खाली उतरून हलक्या सुरात तिच्या मागे चालल्या होत्या.

गाण्याची शेवटची ओळ फार लांब होती. मध्येच अक्काचा श्वास संपला. कारभारी पुढे सरसावले. पण गाणं तुटलं नाही. दादांनी तिचा सूर आपल्या सनईवर अलगद उचलून धरला होता. अक्काने छाती भरून श्वास घेतला आणि ओळ पुरी केली.

शेवटचा सूर दरीत विरला. मग दरीच्या पलीकडे मशाली पेटल्या आणि हलू लागल्या. तिथल्या पाड्यांवर मेळ्याचा आवाज कधीच पोचला नव्हता. आज पोचला होता.

राणी उठली. "घंटेसाठी माझ्या न्हाणीतली पितळी घंगाळं न्या," ती कारभाऱ्यांना म्हणाली. "कर्ण्याला हात लावू नका."

अक्काने तुरा परत द्यायला काढला. दादांनी तो घेतला आणि कर्ण्याच्या रुंद तोंडाला बांधला. तेव्हापासून त्या राज्यात नियम झाला, की ज्याला पुढचा मान हवा, त्याने आधी वर्षभर कर्ण्याशेजारी बसून साथ शिकायची.

तात्पर्य: मागे राहून साथ करणाऱ्यालाही पुढे येण्याचा हक्क असतो, आणि पुढे असणाऱ्यालाही साथ करता आली पाहिजे.